वनमालाताईंच्या उच्चांकातला एक मीटर

बीड जिल्ह्यात फिरायला कोणी जात नाही, असं आमच्या चिपळुणात समजतात. मीही फिरायला गेलो नव्हतो. तेवीस वर्षांपूर्वी मोजलेला एक मीटर खरा की खोटा, हे पाहायला गेलो होतो. चार दिवसांत उत्तर मिळालं. पण त्या उत्तराचं काय करायचं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. तरीही जे पाहिलं ते क्रमाने लिहितो.

मी भूमापक आहे. नोकरीची पहिली तीन वर्षं मी केज तालुक्यात काढली. त्या काळात तिथे जिल्ह्याच्या मैदानी स्पर्धा भरल्या. पन्नास मीटरची पोलादी टेप माझ्यापाशी होती, म्हणून मोजायला मला बोलावलं. आदल्याच आठवड्यात एका बांधावर त्या टेपचा पहिला मीटर तुटला होता. म्हणजे टेप शून्याऐवजी एकपासून सुरू व्हायची, आणि येईल त्या मापातून एक वजा करावा लागायचा. भाला पडला त्या भोकावर मी तुटकं टोक धरायचो. दुसऱ्या टोकाला, फेकीच्या रेषेवर, पंच असलेले काझी गुरुजी आकडा वाचून मोठ्याने ओरडायचे. मग ते एक वजा करून तक्त्यात लिहायचे आणि मी एक वजा करून माझ्या वहीत लिहायचो. वहीत लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. ती माझी सवय. तक्त्याशी ती मी कधी ताडून पाहिली नाही.

त्या जिल्ह्यात एक रीत होती, ती अजून आहे. नुसतं पहिलं येऊन भागत नाही. जिल्ह्याचा उच्चांक मोडेल त्यालाच राज्यस्पर्धेला पाठवायचं. त्या वेळी मुलींच्या भालाफेकीचा उच्चांक होता ४३.५०. युसूफ वडगावच्या वनमाला सरवदे या सतरा वर्षांच्या मुलीने शेवटच्या फेकीत ४४.१८ फेकला. ती राज्याला गेली, तिथे सुवर्णपदक मिळवलं, पुढे गतविजेती म्हणून थेट प्रवेश मिळवून लागोपाठ तीन वर्षं राज्याची विजेती राहिली, खेळाच्या कोट्यातून शिक्षिका झाली. तिच्याबद्दल कुठे काही छापून आलं की मी घरी सांगायचो, "ती फेक मी मोजली आहे."

गेल्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याने मोबाईलवर बातमी पाठवली. आष्टीच्या पूजा नावाच्या मुलीने ४३.८० फेकला, उच्चांक अडतीस सेंटिमीटरने हुकला, तिची प्रशिक्षक स्वतः उच्चांकधारक वनमालाताई. मी कौतुकाने माळ्यावरची वही काढली. वहीत शेवटच्या फेकीसमोर माझ्याच अक्षरात होतं: ४४.१८ − १ = ४३.१८.

मी तीन वेळा वाचलं. ४३.१८ खरा असेल तर वनमालाताईंनी उच्चांक मोडलाच नव्हता, आणि जुना ४३.५० मोडून राज्याला जायचा हक्क पूजाचा आहे. पण दुसरी शक्यताही होती. शेवटची फेक म्हणून गुरुजींनी एक आधीच वजा करून आकडा ओरडला असेल, आणि मी सवयीने पुन्हा वजा केला असेल. मग चूक माझ्या वहीत. दोन्ही शक्यता सारख्याच वजनाच्या.

"एका मीटरसाठी तुम्ही चारशे किलोमीटर जाणार?" ही म्हणाली.

"नावं सोमवारी पाठवायची आहेत. पाच दिवस आहेत."

"फोन करा की."

"फोनवर काय सांगू? तुमचा उच्चांक कदाचित खोटा आहे?"

तिने डब्यात सहा घावन घातले. म्हणजे जाण्याला तिची हरकत नव्हती.

गुरुवार, युसूफ वडगाव

पहिली चूक उतरतानाच झाली. मी एक फाटा आधीच उतरलो आणि साधारण तीन किलोमीटर चालत गेलो. आमच्याकडे नजर शंभर-दोनशे मीटरवर कुठल्या तरी डोंगराला, नाहीतर झाडाला अडते. इथे ती अडतच नाही. काळी जमीन, तुरीचे पट्टे, कापसाची बोंडं उललेली, आणि दूर एक पाण्याची टाकी. ती मला दहा मिनिटांवर वाटली. चाळीस मिनिटं लागली. अंतर मोजणं हा माझा धंदा असून अंदाज चौपटीने चुकला.

आधी थेट वनमालाताईंकडे जायचं धैर्य झालं नाही. गावात त्यांचे थोरले भाऊ दिगंबर राहतात, ते त्या दिवशी मैदानावर होते. घरापुढे सोयाबीनचं खळं चालू होतं. मळणीयंत्राच्या धुळीतून पन्नाशीचा एक माणूस डोळे बारीक करून पुढे आला.

"जय भीम. कुनाकडं आलात?"

मी नाव सांगितलं. चेहऱ्यावर ओळख उमटली नाही. मग म्हणालो, "तेवीस वर्षांपूर्वी केजच्या मैदानावर टेप धरली होती."

"टेपवाले सायेब!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "अगं ए, भाकरी टाक. वनमालाचे सायेब आलेत!"

वनमालाचे साहेब. मी वहीची पिशवी मांडीखाली सरकवली.

ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचलेला कांदा. येसर म्हणजे धान्यं भाजून केलेलं मसाल्याचं पीठ. इथे ते घरोघर असतं. आमच्याकडच्या नारळाच्या आमटीची सवय असलेल्या जिभेला ही आमटी आधी कोरडी लागते आणि मग सुटत नाही. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. एरवी दीड.

दिगंबरराव बोलत होते. वनमाला लहानपणी कडब्याच्या पेंढ्या गंजीवर फेकायची. गंजी जसजशी वर चढायची तसतसे गडी थकायचे आणि हिचा हात मोकळा व्हायचा. एकदा हिने खालून टाकलेली पेंढी गंजीवर उभ्या असलेल्या चुलत्याच्या डोक्यावरून पलीकडच्या शेतात गेली. ते शाळेतल्या मास्तरांनी पाहिलं. पहिला भाला वेळूचा होता, टोक लोहाराने बसवलेलं.

"अन् त्या दिवशीची फेक?" मी जपून विचारलं.

"शेवटची का? आवो, झेंडी तिसऱ्याच फेकीला वलांडलती तिनं. वीतभर पुढं. मी झेंडीपाशीच हुबा होतो. तरी गुरुजी म्हनतेत, बेचाळीस सत्तर, उच्चांक न्हाई! लोकं असे खवळले... कुनी म्हनलं, ओ गुरुजी, चाळशी घरी राहिली काय? माझा दोस्त तर म्हनला, बे दिग्या, ह्या टेपवाल्याला पैलं धरू."

"मला?"

"तुमालाच की. मी म्हनलं, न्हाई, सरकारी मानूस हाय, त्याचं काय चुकत न्हाई." ते हसले. "मग सहाव्या फेकीला पुन्यांदा झेंडीच्या पुढं. तवा मातर गुरुजींनी मान्य केलं."

झेंडी म्हणजे जुन्या उच्चांकाची खूण, मैदानाच्या कडेला रोवलेली. त्यांची पाठ वळल्यावर मी वही उघडून पाहिलं. तिसरी फेक ४२.७०. झेंडी ४३.५० वर. म्हणजे भाला झेंडीच्या ऐंशी सेंटिमीटर अलीकडे पडायला हवा, वीतभर पुढे नव्हे. त्या दिवशी माझं लक्ष भोकावर होतं, झेंडीवर नव्हतं. आणि लोक तर प्रत्येक फेकीला ओरडत होते. दिगंबररावांच्या सांगण्यापुढे मी 'अतिशयोक्ती' असं लिहिलं. भाऊच तो, वाढवून सांगणारच.

निघताना ते म्हणाले, "त्या साली तिच्या लग्नाची बोलनी झालती सायेब. राज्याला गेली म्हनून मोडली. नसती गेली तर आज कुनाच्या तरी खळ्यात असती." मग एकदम विचारलं, "पन आज कावून आलात तुमी?"

मी म्हणालो, सहज. चार दिवसांत मी बोललेलं हे एकच खोटं.

शुक्रवार, धर्मापुरी

काझी गुरुजी निवृत्तीनंतर परळी तालुक्यातल्या धर्मापुरीला, आपल्या गावी असतात. वय शहात्तर. दाढी पांढरी, पाठ अजून कवायतीची. मी आलो तेव्हा ते अंगणात सीताफळं निवडत होते, पिकलेली एकीकडे, डोळे उघडायला लागलेली दुसरीकडे. मला त्यांनी लगेच ओळखलं आणि पहिल्यांदा चार सीताफळं खायला लावली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. इथे पाणी विचारण्याआधी काहीतरी हातात पडतं.

मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"वजा केलतं की. मी सहाच्या सहा फेकींना वजा केलतं. तुमी दुबार केलं आसंल."

मला हलकं वाटलं. चूक माझी, उच्चांक खरा, विषय संपला. त्या आनंदात मी पाचवं सीताफळ घेतलं.

मग ते मला गावातलं जुनं देऊळ दाखवायला घेऊन गेले. काळ्या दगडाचं देऊळ, भिंतीवर बाहेरून मूर्तींची रांग. एका बाजूच्या मूर्ती मी मोजल्या. एकदा सतरा आल्या, एकदा अठरा. गुरुजी सावलीत टेकले आणि आपणहून म्हणाले, "साहेब, एक बात सांगतो. सहाव्या फेकीला मी वजा केलं न्हाई वाटतं."

"अहो, आत्ता तुम्ही म्हणालात..."

"आत्ता म्हनलो ते घरी म्हनलो. हितं बसल्यावर तसं म्हनवंना. लोकं लई खवळले होते. भाला झेंडीच्या पुढं दिसत होता. दिसतंय ते पुढं, आन् वजा करावं तर आकडा मागं! मी म्हनलं, झेंडी लावली सर्व्हेच्या साहेबानं, तिच्यात चूक न्हाई. मग चूक माझ्या वजाबाकीत. म्हनून ऱ्हाऊ दिलं."

"म्हणजे नाही केलं."

"केलं बी आसंल. याद न्हाई बघा."

परत घरी येईपर्यंत ते तिसऱ्या मतावर पोचले होते: टेप मुळात धडच होती, तुटली ती नंतर. हे मात्र मी मान्य केलं नाही. ती टेप माझ्याच हातात तुटली आणि तिने कापलेल्या बोटाची खूण अजून आहे. मी ती दाखवली. गुरुजींनी बोट पाहिलं आणि म्हणाले, "मंग तुटलीच आसंल."

त्यांच्या पत्नीने आतून हाक दिली, "अहो, पाहुण्याला सगळं एकदमच कावून सांगता? जेवू तर द्या."

गुरुजींनी पेटीतून त्या दिवसाचा तक्ता काढून दिला. सहा फेकींपैकी पाच आकडे माझ्या वहीशी सेंटिमीटरपर्यंत जुळत होते. तिसरी, ४२.७०. फक्त सहावी जुळत नव्हती. तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात जुना उच्चांक लिहिला होता: ४३.५०, शकुंतला थोरात. ते नाव मी पहिल्यांदाच वाचलं.

दोन दिवसांत दोन साक्षीदार झाले आणि चार म्हणणी जमली. जमीन मोजताना असं झालं तर आम्ही पुन्हा मोजणी लावतो. इथे भोकही नाही आणि भालाही नाही. येता येता केजला उतरून ते मैदानही पाहिलं. अर्ध्यात आता इमारत उभी आहे.

शनिवार, आष्टी

आष्टी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नगरकडे. इथली जमीन हलकी, मुरमाड, पाऊस कमी. गावाबाहेर ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांवर भांडी, अंथरुणं, कोंबड्यांच्या डालग्या चढवणं चालू होतं. पूजाचे आईवडीलही येत्या आठवड्यात तोडीला जाणार, हे मला नंतर कळलं. राज्याला निवड झाली तर ती वनमालाताईंच्या घरी राहून सराव करणार. नाही झाली तर आईवडिलांबरोबर.

शाळेच्या मैदानावर वनमालाताई उभ्या होत्या. चाळिशीच्या, उंच, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. खांदा गेला आणि त्यांची फेक थांबली, हे मी वाचलं होतं. समोर बारीक चणीची मुलगी धावत येत होती.

"अगं कोपर! कोपर मागं ऱ्हातंय. भाकरी थापतीस का भाला टाकतीस?"

भाला गेला. मी सवयीने पावलं मोजायला लागलो, एवढ्यात ताईंनी मला पाहिलं आणि थेट म्हणाल्या, "टेपवाले साहेब ना? दादाचा फोन आलता. दादा म्हनला, सहज आलेत. चिपळूणहून सहज कुनी येतं व्हय?"

घरी त्यांनी धपाटे आणि दही दिलं. मी खायच्या आधी सगळं सांगून टाकलं. वही, तक्ता, दोन आकडे, दोन शक्यता. ताटातलं दही तसंच राहिलं. पूजा दारात भिंतीला टेकून ऐकत होती; तिला आत पाठवा असं मी सुचवलं, ताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तिचाच आकडा हाय त्यात."

मग त्यांनी विचारलं, "तिसरी फेक किती लिवलीय?"

"बेचाळीस सत्तर. दोन्हीकडे."

"ती झेंडीच्या पुढं पडलती."

"तुमचे बंधूही तेच म्हणाले. पण..."

"दादा सोडा. मी फेकनारी हाय. भाला कुठं पडला ते फेकनाऱ्याला झोपेत बी ठाऊक असतं. वीतभर पुढं पडलती, आन् गुरुजींनी न्हाई म्हनल्यावर मी रडलते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तुमी सांगा. बेचाळीस सत्तर झेंडीच्या पुढं कसं?"

मी कागदावर वजाबाकी मांडली. भाला ४२.७० वर पडला आणि झेंडीच्या वीतभर पुढे पडला, तर झेंडी होती ४२.५० वर. ४३.५० वर नव्हे. बरोबर एक मीटर अलीकडे.

मी वहीचं पान मागे उलटलं. त्या दिवशीची सकाळची पहिली नोंद होती: 'झेंडी ४३.५०.' पुढे वजा नाही, बेरीज नाही, काही नाही. प्रत्येक फेकीसमोर '− १' लिहिणारा मी, तिथे काहीच लिहिलं नव्हतं. मग आठवलं. सकाळी झेंडी लावताना तुटकं टोक माझ्या हातात नव्हतं. ते रेषेवर एका माणसाला धरायला दिलं होतं आणि मी दुसरं टोक घेऊन चालत गेलो होतो. डोळ्यांसमोर तुटकी बाजू नव्हती, म्हणून ती मनातही नव्हती. टेपवर ४३.५० आलं तिथे मी झेंडी रोवली. जमिनीवर ते ४२.५० होतं.

म्हणजे लोक बरोबर होते. गुरुजींची वजाबाकीही पाच वेळा बरोबर होती. सहाव्या वेळी माझ्या झेंडीवर विश्वास ठेवून त्यांनी ती सोडून दिली. चूक एकट्या माझी.

"ताई, झेंडी मी चुकवली," मी म्हणालो.

"म्हंजे माझा त्रेचाळीस अठरा."

"होय."

"आन् मी राज्याला जायलाच नको होतं."

"आकड्याने पाहिलं तर... नाही."

"राज्याला मी शेहेचाळीसच्या पुढं टाकला. ते तरी खरं का?"

"तिथे मी नव्हतो," मी म्हणालो. "त्यामुळे खरंच असणार."

त्या हसल्या नाहीत, पण पूजा हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. ताई तिच्याकडे वळल्या. "हसू नको. जिंकलीस तू. त्रेचाळीस पन्नास मोडलास."

"मला तुमचा मोडायचा होता, ताई," पूजा म्हणाली. "ह्यो असला कागदावरचा नको मला."

"असला म्हंजे कसला? भाला टाकलास का न्हाई? टेप धड होती का न्हाई? मंग? गाडीवर बसून उसात जायचं आसंल तर तसं सांग."

पूजा आत येऊन बसली. ताई उठल्या, माझं ताट पुढे सरकवलं आणि आतल्या खोलीत गेल्या. मी धपाटे खाल्ले. कशी चव होती ते मला सांगता येणार नाही, आणि ज्या गोष्टीची खात्री नाही ती मी लिहीत नाही. मी एवढाच हिशेब करत होतो: मी झेंडी बरोबर लावली असती तर वनमाला राज्याला गेली नसती, शिक्षिका झाली नसती, आष्टीला आली नसती, आणि पूजाने भाला हातात धरलाच नसता. मग पूजाचा हक्क कुठून आला असता? ही बेरीज मी किती प्रकारांनी केली तरी उत्तर दर वेळी वेगळं आलं.

ताई बाहेर आल्या त्या कागद आणि पेन घेऊन.

"लिवा. माझा उच्चांक रद्द करावा म्हनून. तुमचं अक्षर बरं हाय."

मी दोन पानं लिहिली. त्यांनी वाचली आणि दीड पान खोडलं. "तुमाला कसं वाईट वाटतंय ते कमिटीला कशाला? झेंडी चुकली, कुनी चुकवली, आकडा काय. बास."

जिल्ह्याच्या मैदानी खेळ संघटनेच्या कार्यवाहांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

"ताई, सोताचाच उच्चांक सोता खोडायला निघालात? आजवर असं कुनी केलं न्हाई. कसं करायचं ते मला बी ठाऊक न्हाई."

"मंग मी करते तसं करा."

"तीन सह्या आना. तुमची, मोजनाऱ्याची, आन् जिचा उच्चांक परत येतोय तिची. उद्या सांजच्याला कागद पायजे."

ताईंनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "त्रेचाळीस पन्नास कुनाचा व्हता हो?"

तेवीस वर्षं त्यांनीही ते नाव विचारलं नव्हतं. मी तक्ता पुढे केला.

रविवार, माजलगाव

शकुंतला थोरात माजलगावला पिठाची गिरणी चालवतात, एवढं कार्यवाहांनी शोधून दिलं. आम्ही तिघं पहाटेच्या गाडीने निघालो: वनमालाताई, पूजा आणि मी. गाडी थांबली तिथे मी सगळ्यांसाठी सुशीला घेतला. भिजवलेल्या कुरमुऱ्यांचा हा पदार्थ, पोह्यांसारखा पण हलका. पूजाने दोन प्लेट खाल्ल्या, आम्ही दोघांनी अर्धी-अर्धी.

गिरणी रस्त्यालाच होती. सहा-सात बायका डबे घेऊन बसलेल्या. आत पट्ट्याच्या आवाजात एक बाई ज्वारी ओतत होत्या. भुवयांपर्यंत पिठाने पांढऱ्या, वय पंचेचाळीसच्या आसपास, हात असे की एका हाताने डबा उचलत होत्या.

वनमालाताई पुढे झाल्या. आवाजामुळे ओरडून बोलावं लागलं. "मी वनमाला सरवदे!"

शकुंतलाबाईंनी कळ फिरवली. पट्टा थांबला. एकदम शांतता झाली आणि रांगेतल्या बायका आमच्याकडे पाहायला लागल्या.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पेपरात फोटो येतो की तुमचा."

"अक्का, तुमचा उच्चांक मी मोडला न्हवता. मोजायला चुकलतं. झेंडी एक मीटर अलीकडं लागली होती."

शकुंतलाबाईंनी पदराने हात पुसले. "ते बी ठाऊक हाय."

"ते कसं, अक्का?" वनमालाताईंनी विचारलं.

"मी तिथंच बसलते," त्या म्हणाल्या. "कडेला, बायकांत. लगीन झालतं, पोटात पोरगं होतं, म्हनून फेकायचं बंद. पन बघायला आलते. मैदानात पाण्याचा एक चर व्हता आडवा. माझा भाला आदल्या साली त्या चराच्या पलीकडं पडलता. मोजताना मी सोता तिथं उभी होते. आन् झेंडी लावली ती चराच्या अलीकडं. तवाच म्हनलं, ही झेंडी चुकली."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"तुमी कोन?"

"झेंडी मीच लावली होती."

त्यांनी मला नीट पाहिलं. राग नव्हता चेहऱ्यावर. डबा किती किलोचा आहे हे बघावं तसं पाहिलं.

"मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की, साहेब. तुमी टेपला विचारलं."

रांगेतली एक बाई म्हणाली, "शकाअक्का, तू भाला फेकत होतीस?" दुसरी म्हणाली, "आपली शकाअक्का?"

वनमालाताईंनी कागद पुढे केला. "सही लागती अक्का. सही केली की उच्चांक तुमच्याकडं येतो. आन्..." त्या थांबल्या. "आन् लगीच जातो. ह्या पोरीनं त्रेचाळीस ऐंशी टाकलाय. तुमची सही झाली तरच ही राज्याला जाती."

शकुंतलाबाईंनी कागद घेतला आणि दोनदा वाचला. मग पूजाकडे पाहिलं. पूजा वाकून पाया पडायला गेली, तर त्यांनी तिला दंडाला धरून वर उचललं आणि तो दंड तसाच हातात धरून दाबून पाहिला, कोपरापासून खांद्यापर्यंत.

"कोपर मागं ऱ्हातं का गं हिचं?"

"ऱ्हातं," वनमालाताई म्हणाल्या.

"ते काढा. काढलं तर पंचेचाळीस जाईल."

गिरणीच्या वजनकाट्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. सहीवर पिठाची बोटं उमटली. मी कागद घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो सोडला नाही. पुन्हा पेन टेकवलं आणि सहीच्या खाली, कोणी सांगितलेलं नसताना, मोठ्या अक्षरात लिहिलं: ४३.५०.

"आकडा वर लिहिलेला आहे बाई," मी म्हणालो. "दोनदा कशाला?"

"तो तुमी लिवला," त्या म्हणाल्या, आणि कळ फिरवली.